बाईसाहेबांचं गाणं

१६ जून, सोमवार

डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. शिकवणाऱ्या बाईला बोलू नको म्हणायचं! मोहित हसला आणि म्हणाला, "मग लिहीत जा. नवऱ्यावरचा राग तरी कागदावर निघेल." म्हणून आजपासून हे लिहिणं.

ऑपरेशनला आता बरेच महिने झाले. थायरॉइडची गाठ काढली, ती साधी निघाली, सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. बोलता येतं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो. गाता मात्र येत नाही. वर चढायला गेलं की स्वराच्या जागी नुसती हवा येते. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. मोहितला वाटतं, मला रियाजाचा कंटाळा आलाय.

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी उदयसिंह सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, केबिनमध्ये बोलावलं. सगुणाराजे गर्ल्स स्कूलला यंदा शंभर वर्षं होतायत. दसरा झाला की मोठा सोहळा. त्यात शाळेच्या इतिहासावर संगीत नाटक, आणि ते लिहायचं, बसवायचं मी. "इंग्रजी शाळेत तुमच्यासारखं मराठी दुसऱ्या कुणाचं आहे, हेरवाडकर मॅडम?" दारापर्यंत आले तेव्हा हळूच म्हणाले, "ट्रस्टींना आवडलं तर तुमचं कायम व्हायचंही मार्गी लागेल."

दर जूनला मी नव्या ऑर्डरची वाट बघते. या जूनला पहिल्यांदाच वाट बघण्यासारखं दुसरं काही मिळालं.

३ जुलै, गुरुवार

आज मुलगी सापडली.

नाटक सगुणाबाईसाहेबांवर आहे. जहागीरदारांच्या तरुण विधवा. स्वतःचा बंगला मुलींच्या शाळेला दिला. 'कोणत्याही जातीधर्माची लेक येथे परकी नाही' हे त्यांचं वाक्य शाळेच्या कमानीवर कोरलंय. शाळेच्या पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून मुलींना आत बोलावतात, तिथं मी गाणं घातलंय. चालही मीच बांधली:

ये गं सये, पाटी घे, सावलीत या बैस तू,
पहिलं अक्षर मी दिलं, दुसरं मला सांग तू.

सकाळपासून मुली गाऊन दाखवत होत्या. सगळ्यांच्या गळ्यात टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या हरकती. मग नववीतली अंतरा तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला हाताला धरून ओढत घेऊन आली. शिरीन मुजावर. निबंधात एकही वेलांटी न चुकवणारी, वर्गात कधी हात वर न करणारी.

"मॅडम, ही व्हॅनमध्ये गाते, बाथरूममध्ये गाते. फक्त कुणी सांगितलं की गात नाही," अंतरा म्हणाली.

'सांग तू'वर स्वर वर जातो. चाल बांधताना तो मला मनातच ऐकावा लागला होता. शिरीननं तो सहज घेतला, जिना चढताना शेवटच्या पायरीवर पाय ठेवावा तसा. मी वळून खिडकीशी जाऊन उभी राहिले. पोरींना वाटलं असेल, मॅडमना आवडलं नाही.

माझं हरवलेलं कुणीतरी जपून ठेवलं होतं आणि आज आणून दिलं. असं काहीतरी वाटलं. जास्त लिहीत नाही.

१९ जुलै, शनिवार

नाटकासाठी जुन्या विद्यार्थिनींना भेटतेय. आज विचारेमाळावर आक्का कांबळेंकडे गेले. वय ऐंशीच्या पुढं. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आमच्या माहितीपत्रकात दरवर्षी एक वाक्य असतं, की शाळेनं स्वातंत्र्यानंतर लगेच दलित मुलींना प्रवेश दिला. त्या मुलींपैकी एक या.

मी वाक्य वाचून दाखवलं. आक्का म्हणाल्या, "व्हय, दिला की. व्हरांड्यात दिला."

"म्हणजे?"

"म्हंजे वर्ग आत आणि आम्ही दाराभाईर. बाई शिकवायच्या ते दारातनं ऐकायचं. पाटी तपासायची झाली की उंबऱ्यावर ठेवायची. बाई वाकून बघायच्या. हात लावायच्या न्हाईत."

"पण आक्का, तोवर कायदा झाला होता ना?"

"कायदा दिल्लीत झालता."

मग त्यांनी बक्षीस समारंभाचं सांगितलं. पाठांतरात त्या पहिल्या आल्या होत्या. चांदीची वाटी. पाहुण्या बाईंनी बाकीच्या मुलींना हातात दिली आणि आक्कांची खाली, जमिनीवर ठेवली. आक्कांची आई लांब झाडाखाली उभी होती. ती मान हलवत होती, उचलू नकोस म्हणून.

"मग?"

"उचलली की. चकाकत हुती गं. पोरगीच हुते मी." मग म्हणाल्या, "घरी पोचस्तवर आई माझ्याशी बोलली न्हाई."

रिक्षात माझे डोळे भरून येत होते. कसले दिवस होते ते! आणि आज त्याच शाळेत मुजावरांची मुलगी बाईसाहेबांचं काम करतेय. मी निघताना आक्कांना हे मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "बगू या." इतकं सोसल्यावर माणसाचा चांगल्यावर चटकन विश्वास बसत नसेल.

२५ जुलै, शुक्रवार

चांदीच्या वाटीचा प्रवेश लिहून सरांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला. "फार परिणामकारक आहे. पण शंभर वर्षांच्या पंक्तीत कडू घास कशाला, मॅडम? आक्कांना आपण पहिल्या रांगेत बसवू. शाल देऊ."

विचार केला तर त्यांचंही बरोबर आहे. सत्कार हीही एक भरपाईच. त्या जागी मी एक छोटा प्रवेश घातला. सगळ्या जातींच्या मुली हात धरून कमानीतून आत येतात. दिसायला छान दिसतो.

३० जुलै, बुधवार

शिरीनच्या वडिलांना बोलावून घेतलं. दस्तगीर मुजावर. शाहूपुरीत गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. माझ्या मनात थोडी धाकधूक होती, म्हणून स्पष्टच सांगितलं. नऊवारी नेसावी लागेल. सरस्वतीच्या तसबिरीला हार घालायचा आहे. गाणं आहे. तुमच्याकडून काही...

ते मोठ्यानं हसले. "मॅडम, नाटक हाय की हे! आमच्या पेठेच्या तालमीत मागं गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच मांडवात बसलाता. आरतीला ताट धरायला मीच. पोरीला बाईसाहेब करताय, वर मलाच इचारताय?"

शिरीन शेजारी मान खाली घालून उभी होती, पण गालातल्या गालात हसत होती. ती हसते तेव्हा एका गालाला खळी पडते, हे आज पहिल्यांदा बघितलं.

जाताना त्यांनी वळून विचारलं, "नाव छापणार न्हवं पत्रिकेत? तिच्या कबनूरच्या मामीला पाठवायचीय."

म्हटलं, छापणार तर!

७ ऑगस्ट, गुरुवार

पोशाखाची तालीम झाली. अंजिरी नऊवारी, डोक्यावर पदर. तिनं पदर सावरून पहिला शब्द उच्चारला आणि मागं गलका करणाऱ्या सहावीच्या पोरी गप्प झाल्या. गाणं संपल्यावर ती माझ्याकडे धावत आली. "मॅडम, 'सांग तू'ला श्वास पुरतो आता!" मी तिचा घाम पुसला. हिच्यासाठी आणखी एक गाणं लिहायला हवं.

११ ऑगस्ट, सोमवार

तालमीचा फोटो कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी त्या ग्रुपमध्ये नाही, अंतराच्या आईनं दाखवला. खाली पुष्कळ लिहिलंय. 'बाईसाहेबांच्या घराण्याचा तरी मान राखा.' 'आपल्या मुली काय कमी पडल्या?' 'हेच उलटं करून दाखवा म्हणावं.' एकानं नुसती हात जोडल्याची खूण टाकली होती. मागच्या आठवड्यात गावात कुणाच्या तरी मोबाइलवरच्या स्टेटसवरून बाजारपेठ बंद होती, त्याची झळ अजून आहे. होईल शांत.

अंतराची आई म्हणाली, "मला काही वाटत नाही हो. मी आपलं तुमच्या कानावर घातलं."

१३ ऑगस्ट, बुधवार

सरांच्या केबिनमध्ये धैर्यशील साहेब आले होते. ट्रस्टी, बाईसाहेबांच्या घराण्यातले. मला उभं राहून नमस्कार केला, स्वतः खुर्ची पुढं सरकवली. मी वादाची तयारी करून गेले होते. वाद झालाच नाही.

"मॅडम, मला वैयक्तिक काय बी अडचण न्हाय. माझा ड्रायव्हर मुसलमान हाय, पंधरा वर्षं माझ्या घरात जेवतोय. पण उद्या कार्यक्रमात चार पोरं घुसली, घोषणाबाजी केली, तर त्या पोरीवर काय परिणाम हुईल? तिच्याच काळजीनं बोलतोय."

सर म्हणाले, "किंवा तिच्याच समाजातून कुणी आक्षेप घेतला तर? कुंकू, तसबीर..."

मी म्हटलं, वडिलांची परवानगी आहे.

"वडील भला माणूस असंल," साहेब म्हणाले. "भल्या माणसालाच आधी तरास हुतो."

मी म्हणाले, पण गाणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. खरंच नाही जमणार.

सर थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग त्यांनीच मार्ग काढला. काम अंतरानं करायचं, गायचं शिरीननं. पडद्यामागून, माइकवर. सिनेमात असतंच की.

सुटल्यासारखं झालं. मी घाबरले होते की गाणंच जाईल. गाणं राहिलं, मुलगी सुरक्षित राहिली, कुणी दुखावलं नाही. साहेब जाताना म्हणाले, "तुमच्यासारखी समजूतदार माणसं शाळेला पायजेत."

घरी मोहितला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "मग नाटकात ते कमानीवरचं वाक्य ठेवलंयस का अजून?"

मी म्हटलं, ते बाईसाहेबांचं वाक्य आहे, ते कसं काढणार? तो ताट उचलून आत गेला. त्याला शाळेतलं काही कळत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज शिरीनला सांगितलं. मधल्या सुट्टीत, संगीताच्या खोलीत. मी सुरुवात चांगली केली. म्हटलं, मोठमोठ्या गायिका कुठं दिसतात? त्यांचा आवाजच लोकांना माहीत असतो.

तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे मी दिसणार नाही?"

"आवाज सगळीकडे पोचेल. आवाज महत्त्वाचा."

"साडी अंतरा नेसणार?"

"हो."

"तिला लांब होईल मॅडम. ती बुटकी आहे. निऱ्या आत दुमडायला लागतील."

मला हसू आलं. किती समजूतदार पोर आहे! माझी अर्धी भीती तिथंच गेली. मग तिनं विचारलं, "नाव सांगतील?"

"अर्थात. सुरुवातीलाच सांगतील."

"मग चालेल," ती म्हणाली. डबा न खाता वर्गात गेली. घंटा झाली होती ना.

२० सप्टेंबर, शनिवार

अंतराला ओठ हलवायला शिकवणं हे सगळ्यात अवघड काम. ती एक तर आधी तोंड उघडते किंवा शब्द संपल्यावर मिटते. आज रडायलाच लागली. "मॅडम, मला नाही करायचं. तिलाच करू दे ना."

मी रागावले. शिरीननंच तिला बाजूला घेतलं. स्वतः श्वास कुठं घेते ते तिच्या हातावर हळूच दाबून दाखवत होती. या श्वासाला दाबलं की तोंड उघड. दोघी तशा बराच वेळ बसल्या होत्या. त्यानंतर एकदाही चुकलं नाही.

लहान वर्गांतल्या मुली शिरीनला 'पडदेवाली' म्हणायला लागल्यात. पडद्यामागून गाते म्हणून. मुलींना काय, कशाचीही गंमत लागते. मोठ्या मुलीही म्हणतात आता. एकदा शिक्षक खोलीतही कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मग कुठंतरी टोचलं, पण तोवर तास सुरू झाला होता.

पत्रिका छापून आल्या. कलाकारांची नावं नाहीत, 'शाळेच्या विद्यार्थिनी' एवढंच. सर म्हणाले, कुणाचं घालायचं, कुणाचं वगळायचं, त्यापेक्षा हे बरं.

४ ऑक्टोबर, शनिवार

झालं!

सगळं मैदान माणसांनी भरलेलं. गाणं सुरू झालं तेव्हा मी विंगेत उभी होते, शिरीनच्या जवळच. माझी नजर शेवटपर्यंत अंतराच्या ओठांवर. एक अक्षर मागंपुढं झालं नाही. आणि तो आवाज! तालमीत इतका कधीच लागला नव्हता. 'सांग तू' आलं तेव्हा बाहेर कुणी खोकलंसुद्धा नाही. गाणं संपल्यावर लोक उभे राहिले. पाहुण्यांनी स्टेजवर येऊन अंतराला जवळ घेतलं, म्हणाले, "ह्या पोरीच्या गळ्यात देवी हाय." अंतरा आमच्या बाजूला बघत होती. मी तिला खूण केली, हस.

नाव सांगायचं राहिलं. निवेदिकेच्या हातातल्या कागदावर होतं, मी स्वतः लिहून दिलं होतं. सरांनी आयत्या वेळी काट मारली असं ती म्हणते. गर्दीत मला त्यांना विचारता आलं नाही.

विंगेत परत आले तेव्हा माइकजवळ कुणी नव्हतं.

आक्का पहिल्या रांगेत होत्या. त्यांना शाल दिली. कार्यक्रमाच्या आधी त्यांना स्टेजच्या मागच्या बाथरूमकडे मीच नेलं होतं, तेव्हा त्यांनी शिरीनला माइक तपासताना बघितलं असणार. सगळं संपल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "ती गाणारी पोरगी दाखव मला."

"घरी गेली, आक्का."

"एवढ्यात? बक्षीस घ्यायच्या आदी?"

"अब्बा न्यायला आले होते."

आक्कांनी माझा हात सोडला. शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि नातवाच्या आधारानं चालायला लागल्या. मी शाल घेऊन मागं गेले. "आक्का, राहिली तुमची." त्यांनी वळून बघितलं नाही.

दमल्या असतील. वयही आहे.

मोहित म्हणतो, नाटक चांगलं झालं. एवढंच म्हणाला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कायम झाल्याची ऑर्डर हातात आली. सासूबाईंनी पुरणपोळी केली. घास नीट उतरत नव्हता. ऑपरेशनची जागा अधूनमधून अशी धरते.

शिरीन सोमवारपासून आलेली नाही. तापली असेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नाटकाचं गाणं शाळेनं यूट्यूबवर टाकलंय. खाली नाव अंतराचं. अंतरानं आज मला जिन्यात गाठलं. डोळे सुजलेले.

"मॅडम, ते नाव काढा. लोक आईला फोन करतायत. आत्या म्हणते, गाऊन दाखव. मी काय दाखवू?"

"शिरीनशी बोललीस का?"

"ती फोन उचलत नाही." मग एकदम तिचा बांध फुटला. "मॅडम, तिनं मला हात धरून शिकवलं हो. आणि हार माझ्या गळ्यात घातला."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. जिन्यातून मुली येत होत्या, म्हणून नुसतं डोक्यावर थोपटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. दस्तगीरभाई ऑफिसात दाखला घेत होते. मला बघून उठले, नेहमीसारखा सलाम केला. हसले नाहीत.

"असं मध्येच? नववी आहे, भाई. वर्षाचं नुकसान होईल."

"पोरगी शाळंत जायाचं म्हणंना, मॅडम. नाव काय पाडलंय तिचं, ते म्हाईत हाय तुम्हाला?"

मी म्हटलं, मुली गमतीनं म्हणतात. पडद्यामागून गायली म्हणून...

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. एखाद्याला ऐकू कमी येतं हे उशिरा लक्षात यावं, तसं. "परवा तिच्या आईला भाजी मंडईत दोन पोरींनी त्याच नावानं हाक मारली, मॅडम. आई बुरखा घालती तिची. ती कुठं गायलीती?"

मागच्या दीड महिन्यातली सगळी हसणी कानात यायला लागली. शिक्षक खोलीतलं. माझं.

"तुमच्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "तुम्ही तिला लई जीव लावला. तिच्या मामीकडं ठेवतो कबनूरला. तिथली शाळा बरी हाय."

ते गेल्यावर शिपाई ज्ञानूमामांनी माझ्यासाठी पाणी आणलं. मी कधी मागितलं होतं, आठवत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोहितला आज खरं सांगितलं. माझा आवाज गेलाय, रियाजाचा कंटाळा वगैरे काही नाही. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो." मग मी रडले. किती तरी वेळ. त्याला वाटलं, आवाजासाठी रडतेय. काही त्यासाठीही असेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांकडे गेले. म्हटलं, व्हिडिओखाली शिरीनचं नाव घालायचं आहे. घातलं नाही तर मी स्वतः सगळीकडे सांगेन. कायम झालेय, आता बोलू शकते, असंही मनात होतं. रात्रभर वाक्यं पाठ केली होती.

सर फायलीतून मान वर न करता म्हणाले, "घाला की. सोहळा झाला, आता कोण बघतंय?"

मी तशीच उभी. इतकं सोपं होतं. मी फक्त आधी एकदा, त्या केबिनमध्ये, असं उभं राहायला हवं होतं. राहिले असते तर कदाचित नोकरी गेली असती. कदाचित नसतीही गेली. हे आता कधीच कळणार नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज कबनूरला जाऊन आले. शिरीनला स्वतः सांगायचं होतं, नाव घालतोय म्हणून.

मामीचं घर यंत्रमागांच्या गल्लीत. खालच्या मजल्यावर माग, वर राहायची जागा. जिन्यात असतानाच पाय हादरायला लागतात. सुताचे बारीक तंतू कठड्यावर, दारावर, सगळीकडे. दस्तगीरभाई रविवारचे आलेले होते. शिरीन पाणी घेऊन आली. उंच झालीय. केस घट्ट बांधलेले. "बरी आहे मॅडम. हो मॅडम. अभ्यास झालाय मॅडम."

मी नावाचं सांगितलं. मला वाटलं होतं, खळी पडेल.

तिनं वडिलांकडे बघितलं. दस्तगीरभाईंनी हात जोडले. मोठा धिप्पाड माणूस, हात जोडून माझ्यापुढं. "नगा घालू, मॅडम. पाया पडतो. आता कुटं लोक इसारल्यात. नाव आलं की हुडकत येतील, तू कशी गायलीस बाईसाहेबांचं म्हणून. दुकान रस्त्यावर हाय माझं."

"पण तिचा हक्क आहे, भाई."

"हक्क हाय की. पण मला पोरगी पायजे."

मागांचा आवाज खालून येतच होता. मी शिरीनला विचारलं, इथं गातेस का?

"इथं ऐकू येत नाही मॅडम." तिनं खालच्या दिशेनं बोट दाखवलं. तक्रार नव्हती त्यात. मग पहिल्यांदा ती आपणहून बोलली. "मॅडम, त्या दिवशी मी नीट गायले का?"

"म्हणजे काय, शिरीन! लोक उभे राहिले."

"लोकांचं नाही. तुम्हाला विचारते. मी तुमच्याकडे बघून गात होते. तुम्ही पूर्ण वेळ अंतराकडे बघत होता. म्हणून कळलं नाही मला."

मी तिला सांगायला हवं होतं, की तुझ्या गळ्यात माझा आवाज होता. की तू गायलीस तेव्हा मला माझं ऑपरेशन झालंच नाही असं वाटलं. माझ्या तोंडून नुसती हवा आली. मी तिचा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला. ज्याला आता काही फरक पडत नाही, त्याच्यासारखा तो हात होता. गार आणि हलका.

अंतरा तुझी आठवण काढते, एवढं मात्र सांगितलं. ती म्हणाली, "तिला सांगा, माझा राग नाही. पण फोन नको करू म्हणावं." आणि आत गेली.

मामी मला सोडायला जिन्यापर्यंत आली. मागांच्या आवाजामुळं तिला मोठ्यानं बोलायची सवय आहे. बाहेर गल्ली ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमीच न्हवं त्या मराठीच्या बाई? येत जावा की. पोरगी लई नाव काढायची तुमचं!"

खाली रस्त्यावर आले. बसला वेळ होता.

काढायची. आठवीला मी हे रूप शिकवते. फळ्यावर लिहून मुलींना सांगते, ही क्रिया एके काळी नेहमी होत असे, आता होत नाही. एखादी तरी मुलगी विचारतेच, मॅडम, पण मग ती थांबली कधी? मी म्हणते, ते या रूपात सांगितलेलं नसतं.